दातांची ठेवण आणि संगणकाचे चित्र

मुलांच्या वेड्यावाकड्या दातांवरील उपचाराची आखणी करताना आणि ती पालकांना समजावून देताना संगणकीय प्रतिमांचा उपयोग कसा होतो व त्यांची मर्यादा कोठे आहे, याचा परिचय प्रस्तुत पाठात करून दिला आहे.

खानापूर तालुक्यातील गुंजी हे गाव खानापूर व लोंढा यांच्या दरम्यानचे रेल्वे स्थानक आणि श्री माऊली देवीचे स्थान म्हणून पंचक्रोशीत परिचित आहे. भातशेती आणि जंगल यांच्या सोबतीने राहणाऱ्या येथील कुटुंबांना दातांच्या विशेष उपचारांसाठी बहुधा बेळगाव गाठावे लागते. तेथे के. एल. ई. संस्थेचे दंतवैद्यक महाविद्यालय १९८५ पासून आहे. मराठा मंडळाचेही दंतवैद्यक महाविद्यालय आहे. घाट उतरून गोव्यात गेल्यास १९८० साली सुरू झालेले गोवा दंत महाविद्यालय बांबोळी येथे आहे.

किडलेला दात भरून घेणे किंवा काढून टाकणे हे काम बहुधा एकदोन फेऱ्यांत उरकते. वेडेवाकडे अथवा पुढे आलेले दात जागेवर आणण्याचे काम तसे नाही. त्यास साधारणपणे दीड ते दोन वर्षे लागतात आणि महिना-दीड महिन्याला एक फेरी करावी लागते. प्रत्येक फेरी म्हणजे गाडीभाडे, घरातील एकाची बुडालेली मजुरी आणि मुलाची बुडालेली शाळा. हा भार उचलण्यापूर्वी काय करणार, का करणार, किती दिवस लागणार आणि शेवटी काय हाती येणार, हे जाणून घेण्याचा पालकांना अधिकार आहे. पूर्वी या प्रश्नांची उत्तरे दंतवैद्य तोंडी देत आणि पालक ती विश्वासाने ऐकून घेत. आता तीच उत्तरे पडद्यावर दाखविता येतात. मात्र पडद्यावरील चित्राचा अर्थ नीट कळला नाही, तर तेच चित्र अपेक्षाभंगास कारण होते. म्हणून हे चित्र तयार कसे होते, हे प्रथम पाहिले पाहिजे.

ठेवण का बिघडते?

लहान मुलाला दुधाचे २० दात असतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्या जागी आधी कोणताही दात पडलेला नसतो. त्यामुळे पुष्कळ पालक तिला दुधाचीच दाढ समजतात आणि ती किडली तरी दुर्लक्ष करतात. सहा ते बारा या वयात दुधाचे व कायमचे दात तोंडात एकत्र असतात. अक्कलदाढा धरून कायमच्या दातांची संख्या ३२ होते.

दातांची ठेवण बिघडण्याची कारणे अनेक आहेत. जबडा लहान व दात रुंद असा वारसा मुलास मिळाला, तर दातांना जागा अपुरी पडते. वरचा व खालचा जबडा यांची वाढ सारखी न झाल्यास दात एकमेकांवर नीट बसत नाहीत. दुधाची दाढ वेळेपूर्वी काढावी लागली, की शेजारचे दात त्या मोकळ्या जागेत कलतात आणि मागाहून येणाऱ्या कायमच्या दाताची वाट अडते. चार-पाच वर्षांनंतरही अंगठा चोखत राहणे, गिळताना जीभ दातांवर ढकलणे, नाक चोंदल्यामुळे सतत तोंडाने श्वास घेणे, याही गोष्टींचा परिणाम होतो.

प्रत्येक वाकड्या दातावर उपचार केलाच पाहिजे असे नाही. परंतु फार पुढे आलेले दात खेळताना पडल्यास सहज तुटतात. एकमेकांवर चढलेल्या दातांमधील फटी नीट घासता येत नाहीत. काही मुलांचे खालचे दात टाळूला रुततात. शिवाय वर्गात होणाऱ्या चेष्टेमुळे हसताना तोंडावर हात धरणारे मूल प्रत्येक शिक्षकाने पाहिलेले असते. त्या संकोचालाही महत्त्व आहे.

दात हाडात सरकतो कसा?

खांब जमिनीत पुरावा तसा दात हाडात घट्ट बसविलेला असतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक पातळ थर असतो. दातावर हलका परंतु सतत दाब ठेवला, की दाबाच्या बाजूचे हाड हळूहळू झिजते आणि विरुद्ध बाजूस नवे हाड भरत येते. अशा रीतीने दात जिवंत हाडातून पुढे सरकतो. हा वेग महिन्याला सुमारे १ मिलिमीटर इतका असतो. दाब वाढविला म्हणून दात लवकर सरकत नाही. उलट मुळांना इजा होण्याचा संभव असतो. उपचारास दीड-दोन वर्षे लागतात त्याचे कारण हे आहे. तारा काढल्यावरही दात जुन्या जागेकडे परतू पाहतात. त्यांना नव्या जागी स्थिर ठेवण्यासाठी पुढे दीर्घकाळ धारक पट्टी वापरावी लागते.

कागदावरील रेषांपासून संगणकापर्यंत

दातांची व जबड्यांची ठेवण सुधारण्याच्या शास्त्रास ऑर्थोडॉन्टिक्स म्हणतात. अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली दातांच्या बिघडलेल्या ठेवणीचे वर्गीकरण मांडले आणि या शास्त्राला शिस्त आली. भारतात या विषयाच्या तज्ज्ञांची इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी ही संस्था १९६५ साली स्थापन झाली.

तोंड उघडून पाहिले असता दात दिसतात. त्यांच्यामागील जबड्याची हाडे दिसत नाहीत. रॉन्टजेन यांनी १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावल्यावर हाडे दिसू लागली, पण दोन वेळा घेतलेल्या चित्रांची तुलना करणे कठीण होते, कारण डोके प्रत्येक वेळी निराळ्या स्थितीत असे. १९३१ साली अमेरिकेत ब्रॉडबेंट व जर्मनीत हॉफ्राट यांनी डोके ठरावीक स्थितीत धरून बाजूने क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत स्वतंत्रपणे मांडली. त्या पद्धतीत क्ष-किरणांचा उगम डोक्याच्या मध्यापासून ५ फुटांवर ठेवतात. अंतर व स्थिती निश्चित झाल्यामुळे त्याच मुलाचे आजचे चित्र आणि दोन वर्षांनंतरचे चित्र एकमेकांवर ठेवून पाहता येऊ लागले.

या चित्रावर पारदर्शक कागद ठेवून दंतवैद्य पेन्सिलीने रेषा काढीत. कवटीच्या तळाचा एक बिंदू, नाकाच्या मुळाशी असलेला दुसरा, वरच्या जबड्यावरील तिसरा व खालच्या जबड्यावरील चौथा, असे बिंदू निश्चित करून कोनमापकाने कोन मोजीत. स्टायनर यांनी १९५३ साली मांडलेल्या पद्धतीत वरच्या जबड्याचा कोन सरासरी ८२ अंश आणि खालच्या जबड्याचा ८० अंश धरला आहे. दोहोंतील फरक सुमारे २ अंश असला, म्हणजे जबडे एकमेकांशी जुळते आहेत असे समजतात. फरक बराच वाढला, तर दोष केवळ दातांत नसून जबड्यांच्या वाढीतही आहे असा संशय येतो.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत रिकेट्स यांनी या मोजणीसाठी संगणकाचा उपयोग सुरू केला. आज क्ष-किरण चित्र थेट संगणकात येते. पडद्यावर बिंदू दाखविले, की कोन व अंतरे क्षणात निघतात. काही आज्ञावली बिंदूही स्वतःच शोधतात. तरी एक गोष्ट विसरता कामा नये. बिंदू चुकीच्या जागी पडला, तर संगणक चुकीचा कोन तितक्याच आत्मविश्वासाने सांगतो. म्हणून संगणकाने टिपलेले बिंदू दंतवैद्याने स्वतः तपासून घेणे आवश्यक असते.

दुसरा मुद्दा सरासरीचा आहे. वर दिलेली मापे पाश्चात्त्य देशातील गोऱ्या लोकांवरून ठरली. निरनिराळ्या समाजांच्या चेहऱ्याची घडण निराळी असते. भारतातही विविध प्रांतांतील लोकांची मापे घेण्यात आली आहेत आणि अनेकांत ओठ व पुढचे दात या सरासरीपेक्षा थोडे पुढे असणे हे स्वाभाविकच आढळते. गुंजीच्या मुलीचा चेहरा परदेशी सरासरीला जुळविणे हे उपचाराचे उद्दिष्ट असू शकत नाही.

एक कल्पित उदाहरण

आराखडा कसा तयार होतो, हे एका कल्पित उदाहरणावरून समजून घेता येईल. गुंजी परिसरातील एका तेरा वर्षांच्या मुलीचे वरचे दात पुढे आलेले व दाटीने एकमेकांवर चढलेले आहेत. खालची ओळ मात्र जवळपास सरळ आहे. दंतवैद्य प्रथम तिचे तोंड तपासतात आणि चेहऱ्याची व दातांची छायाचित्रे घेतात. नंतर दातांचा ठसा घेतला जातो. कौलाचा साचा असावा त्याप्रमाणे हा ठसा असतो व त्यात प्लास्टर ओतून दातांची प्रतिकृती काढतात. अलीकडे काही ठिकाणी ठशाऐवजी पेनासारखे एक उपकरण तोंडात फिरवून दातांची त्रिमितीय प्रतिमा सरळ संगणकात उतरविली जाते. शेवटी सर्व दातांचे एक आडवे क्ष-किरण चित्र आणि डोक्याचे बाजूने घेतलेले चित्र काढतात.

आता हिशेब सुरू होतो. वरच्या ओळीतील मागच्या दाढा सोडून पुढच्या दहा दातांच्या रुंदीची बेरीज ७३ मिलिमीटर भरली. ते ज्या कमानीत बसावयाचे तिची लांबी ६६ मिलिमीटर आहे. म्हणजे ७ मिलिमीटर जागा कमी पडते. याखेरीज पुढचे दात ३ मिलिमीटर मागे घ्यावयाचे आहेत; त्यासाठी डाव्या व उजव्या बाजूस प्रत्येकी ३, म्हणजे एकूण ६ मिलिमीटर जागा लागेल. दोन्ही मिळून गरज १३ मिलिमीटरची झाली.

ही जागा कोठून आणावयाची? क्ष-किरण चित्रावरील कोन येथे उपयोगी पडतात. वरच्या जबड्याचा कोन ८३ व खालच्याचा ७९ निघाला, तर फरक ४ अंशांचा आहे. जबड्यांतील दोष सौम्य असून मुख्य दोष दातांत आहे, असा निष्कर्ष निघतो. खालचा जबडाच फार मागे राहिला असता आणि मुलीची वाढ शिल्लक असती, तर जबड्याच्या वाढीस वळण देणारे उपकरण हा मार्ग प्रथम विचारात घेतला गेला असता. या उदाहरणात मात्र सुळ्यामागील एकेक उपदाढ, म्हणजे वरच्या दोन उपदाढा काढण्याचा पर्याय समोर येतो. प्रत्येकीची रुंदी सुमारे ७ मिलिमीटर धरल्यास १४ मिलिमीटर जागा मिळते. गरज १३ ची आहे. शिल्लक केवळ १ मिलिमीटर उरते. पुढचे दात मागे ओढताना मागच्या दाढा थोड्या पुढे सरकतात, हे लक्षात घेता ही शिल्लक फार अपुरी आहे. म्हणून दाढांना जागीच रोखून धरण्याची व्यवस्थाही आराखड्यात असावी लागते.

दात काढावयाचे म्हटले, की घरातून पहिला प्रश्न येतो : “वरचे दात काढले, तर पोरीच्या डोळ्यांना काही होणार नाही ना?” हा समज ग्रामीण व शहरी अशा दोन्ही भागांत खोलवर रुजलेला आहे. दृष्टीची नस ही मेंदूपासून निघणारी दुसऱ्या क्रमांकाची नस होय. दातांच्या संवेदना वाहून नेणाऱ्या शाखा पाचव्या क्रमांकाच्या नसेच्या असतात. दोन्हींचे कार्य वेगळे आहे. वरचा दात काढल्याने दृष्टी कमी होत नाही. केवळ तोंडी सांगून हा समज सहसा जात नाही. परंतु त्याच मुलीचे क्ष-किरण चित्र पडद्यावर लावून दाताचे मूळ कोठे संपते व डोळ्याची खोबण कोठे आहे, हे बोटाने दाखविले, तर आजीबाईंच्याही मनातील भीती पुष्कळशी कमी होते. ७ मिलिमीटरची उणीव, काढावयाच्या उपदाढा आणि नंतर बंद होणारी फट ही क्रमाने दाखविली, म्हणजे चांगला दात का काढावयाचा याचे कारण डोळ्यांना दिसते.

चित्र म्हणजे वचन नव्हे

बाजूने काढलेले छायाचित्र व क्ष-किरण चित्र एकमेकांवर बसवून संगणकात पुढचे दात मागे सरकविता येतात आणि त्याबरोबर ओठ व चेहऱ्याची बाह्यरेषा कशी बदलेल, हेही दाखविता येते. हे दृश्य आकर्षक असते. नेमक्या याच ठिकाणी पालकांनी सावध राहावे.

दात ३ मिलिमीटर मागे गेले, म्हणजे ओठही ३ मिलिमीटर मागे जातो असे नाही. बहुधा तो त्याहून कमी सरकतो. किती, हे ओठाची जाडी, स्नायूंचा ताण व वय यांवर अवलंबून असते. संगणक अनेक रुग्णांच्या सरासरीवरून अंदाज बांधतो. वाढत्या वयाच्या मुलात जबड्याची पुढील वाढ किती व कोणत्या दिशेने होईल, हेही निश्चित सांगता येत नाही. शिवाय पडद्यावरील दात विनातक्रार सरकतो. प्रत्यक्षात रबर वेळेवर लावले की नाही, तारा तुटली की नाही, ठरलेल्या फेऱ्या चुकल्या की काय, यांवर सारे अवलंबून असते. ऊस सोलून खाणे, चिक्की फोडणे, भाजलेल्या काजूबिया दाताने चावणे, या सवयी थांबविल्या नाहीत तर दातांवरील पट्ट्या निखळतात आणि आराखड्यातील महिने वाढत जातात.

म्हणून संगणकीय चित्राची तुलना घर बांधण्यापूर्वी काढलेल्या नकाशाशी करावी. नकाशामुळे खोल्या किती व दार कोठे हे कळते, मालकाला बदल सुचविता येतो आणि खर्चाचा अंदाज येतो. परंतु नकाशा म्हणजे घर नव्हे. जो दंतवैद्य चित्र दाखविताना त्याची अनिश्चितताही सांगतो, तो पालकांना अधिक मोलाची मदत करतो. केवळ “आधी” व “नंतर” अशी दोन चित्रे दाखवून घाईने होकार मिळविणे योग्य नव्हे. तोंड प्रत्यक्ष न तपासता, क्ष-किरण चित्र न घेता, केवळ पाठविलेल्या छायाचित्रांवरून दात सरळ करून देण्याच्या जाहिरातींपासून दूर राहावे.

त्रिमितीय क्ष-किरण चित्र केव्हा?

डोक्याभोवती फिरणाऱ्या यंत्राने जबड्याचे त्रिमितीय क्ष-किरण चित्र घेता येते. सुळा हाडात अडकून राहिला असेल आणि तो शेजारच्या मुळाच्या पुढे आहे की मागे हे कळत नसेल, किंवा दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या मुलात हाडातील फट किती आहे हे पाहावयाचे असेल, तर हे चित्र फार उपयुक्त ठरते. परंतु प्रत्येक मुलास त्याची गरज नसते.

याचे कारण किरणांच्या मात्रेत आहे. निसर्गातून माणसाला मिळणारी किरणांची मात्रा जागतिक सरासरीने वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट असते. सर्व दातांच्या साध्या आडव्या चित्राची मात्रा सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट, म्हणजे जवळजवळ तीन दिवसांच्या नैसर्गिक मात्रेइतकी असते. त्रिमितीय चित्राची मात्रा यंत्र व चित्राचा आवाका यांनुसार याच्या कित्येक पट होऊ शकते. ती भीती वाटावी इतकी नसली, तरी मुलांच्या बाबतीत विनाकारण एकही चित्र घेऊ नये हा नियम आहे. भारतात क्ष-किरण यंत्रांवर १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक परिषदेचे नियंत्रण आहे. “या चित्राने उपचारात कोणता बदल होणार?” असा प्रश्न पालकांनी निःसंकोचपणे विचारावा. दातांच्या पृष्ठभागाची त्रिमितीय प्रतिमा टिपणारे पेनासारखे उपकरण प्रकाशावर चालते. त्यात क्ष-किरण नसतात, हा भेदही लक्षात ठेवावा.

भाषेचा दुवा

सीमाभागात एकाच घरात मराठी, बाजारात कन्नड आणि पाहुण्यांकडे कोकणी ऐकू येते. महाविद्यालयात शिकण्यास आलेला तरुण दंतवैद्य कदाचित दूरच्या प्रांतातील असतो. त्याला मराठी पुरती येत नाही व पालकांना इंग्रजी संज्ञा कळत नाहीत. मग “डॉक्टर म्हणतील तसे” एवढेच उत्तर उरते आणि त्यालाच संमती समजले जाते.

मुलाच्या स्वतःच्या दातांचे चित्र समोर असले, की ही अडचण निम्म्याने कमी होते. बोट ठेवून विचारता येते, बोट ठेवून सांगता येते. तरीसुद्धा चित्राने भाषेची गरज पूर्णपणे भागत नाही. मुख्य मुद्दे मराठीत वा घरच्या भाषेत सांगणारी व्यक्ती मागावी आणि शेवटी पालकांनी आपल्याला काय समजले ते स्वतःच्या शब्दांत सांगून पाहावे. आराखड्याची एक प्रत घरी नेता आली, तर भेटीस येऊ न शकलेले वडील किंवा आजोबाही ती पाहू शकतात. तेरा वर्षांच्या मुलीला तर हे चित्र आवर्जून दाखवावे. कारण तारा तिच्या तोंडात राहणार आहे आणि ब्रशही तिनेच करावयाचा आहे.

मुलाच्या चेहऱ्याची चित्रे ही त्याची खाजगी माहिती होय. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली केलेल्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. उपचारासाठी दिलेली संमती ही जाहिरातीसाठी दिलेली संमती नव्हे.

पालकांनी विचारावयाचे प्रश्न

होकार देण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारावेत व उत्तरे वहीत लिहून घ्यावीत.

१. दोष दातांत आहे, जबड्यात आहे की दोहोंत?
२. उपचाराचे पर्याय किती? काहीच न केल्यास काय होईल?
३. दात काढावयाचे असल्यास कोणते व का? जागेचा हिशेब दाखवाल काय?
४. पडद्यावरील चित्रापैकी कोणता भाग निश्चित व कोणता केवळ अंदाज आहे?
५. एकूण किती महिने व किती फेऱ्या लागतील? भात लावणीच्या व परीक्षेच्या दिवसांत फेऱ्यांची सोय कशी करता येईल?
६. एकूण खर्च किती? हप्ते कसे? तुटलेल्या पट्टीचे व शेवटच्या धारक पट्टीचे पैसे त्यात धरले आहेत काय?
७. सहा महिन्यांनी आराखडा व प्रत्यक्ष प्रगती यांची तुलना दाखवाल काय?

शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. उपचार अर्ध्यावर सुटतात, त्यात पैशाची अडचण हे एक कारण असते. पण “अजून काही फरक दिसत नाही” ही निराशाही असते. आरशात रोज पाहणाऱ्याला महिन्याला १ मिलिमीटरचा बदल जाणवत नाही. पहिले चित्र व सहाव्या महिन्याचे चित्र शेजारी ठेवले, की तो दिसतो. उपचार मध्येच सोडून तारा तशाच तोंडात ठेवल्यास त्यांच्याभोवती अन्न साचते, दातांवर पांढरे डाग पडतात व कीड लागते. दातही पुन्हा सरकतात. पूर्ण करणे शक्य नसलेला उपचार सुरू न करणे हेच काही वेळा शहाणपणाचे असते, आणि आराखडा आधी समजला तरच हा विचार वेळेवर करता येतो.

शाळा व आरोग्य यंत्रणा यांचे कार्य

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करण्याची योजना आहे. दुभंगलेले ओठ व टाळू आणि दातांचे विकार यांचा त्या तपासणीत समावेश आहे. दुभंगलेल्या टाळूच्या बालकास शस्त्रक्रियेनंतरही दातांच्या उपचाराची गरज पडते, हे पथकाने पालकांस त्याच वेळी सांगावे.

दातांच्या ठेवणीची पहिली तपासणी सातव्या वर्षाच्या सुमारास व्हावी असे तज्ज्ञ मानतात. पुढचे दात फार बाहेर येणे, वरचे दात खालच्यांच्या आत जाणे, दुधाच्या दाताची जागा दीर्घकाळ रिकामी राहणे, सतत तोंड उघडे राहणे, या खुणा शिक्षकांनाही ओळखता येतात. पालकांची परवानगी घेऊन भ्रमणध्वनीवर काढलेले छायाचित्र दंतवैद्यास दाखविल्यास, बेळगावची फेरी आताच करावी की वर्षभर थांबावे, याचा प्राथमिक सल्ला मिळू शकतो. दूरस्थ सल्ल्यासाठी ई-संजीवनी ही शासकीय सेवा २०१९ पासून उपलब्ध आहे. छायाचित्रावरून प्राथमिक निवड होते. निदान मात्र प्रत्यक्ष तपासणीनेच होते.

विज्ञानाच्या तासाला एक सोपा प्रयोग करून दाखविता येईल. वर दिलेली मापे दहापट करून पुठ्ठ्याचे दहा तुकडे कापावेत : ८.५ सेंटिमीटर रुंदीचे दोन, ६.५ चे दोन, ७.५ चे दोन व ७ चे चार. ६६ सेंटिमीटर लांबीची सुतळी फरशीवर कमानीसारखी ठेवून तिच्यावर हे तुकडे एकापुढे एक मांडण्यास मुलांना सांगावे. ते मावत नाहीत. मग कोणता तुकडा वळवावा, कोणता पुढे ढकलावा, कोणता काढावा, असा वाद मुलांतच सुरू होतो. दंतवैद्य संगणकावर जो विचार करतो, त्याचे मर्म मुलांना अर्ध्या तासात कळते. दात वाकडे असलेल्या सोबत्याची चेष्टा करण्यापेक्षा त्याच्या जबड्यात जागा कमी आहे एवढेच खरे, हेही त्यांच्या ध्यानी येते.

संगणकीय प्रतिमेमुळे दात सरळ होत नाहीत. ते होतात हलक्या दाबाने, वेळेवर केलेल्या फेऱ्यांनी आणि मुलाने रोज घेतलेल्या काळजीने. परंतु या दीर्घ वाटेवर पाऊल टाकण्यापूर्वी वाट किती लांब आहे व कोठे वळते, हे दंतवैद्य, पालक आणि मूल यांना एकत्र बसून पाहता येते, हा प्रतिमेचा खरा लाभ होय. जेथे प्रत्येक फेरीला एका दिवसाची मजुरी खर्ची पडते, तेथे हा लाभ लहान समजता येणार नाही.